उरणची भरती आणि पाणपक्षी

उरणला पक्षी बघायला जायचे असेल तर गजर लावण्याआधी पंचांग उघडावे. जंगलातल्या पक्ष्यांसाठी ‘पहाटे लवकर निघा’ एवढा सल्ला पुरतो, खाडीकाठी तो अर्धाच कामाचा. इथल्या पक्ष्यांचा दिवस समुद्राच्या पाण्यावर चालतो. ओहोटीला ते लांब चिखलात पांगलेले असतात, भरतीला बांधामागच्या उथळ तळ्यांत दाटीवाटीने येऊन उभे राहतात. चुकीच्या वेळी पोहोचलात तर दुर्बिणीतून नुसता चकाकणारा चिखल दिसतो आणि ‘उरणला आता काही राहिलं नाही’ असे म्हणत मंडळी परततात. त्यात थोडे तथ्यही आहे, पण आधी जे अजून आहे ते कसे पाहायचे ते बघू.

बेट, खाजण आणि बंदर

मुंबई बंदराच्या समोरच्या काठावर, रायगड जिल्ह्यात, उरणचा भूभाग पाण्यात पुढे आलेला आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला न्हावा-शेव्याकडची खाडी, दक्षिणेला कारंजा खाडी आणि तिच्या पलीकडे रेवस, अलिबाग. जुन्या कागदपत्रांत या भागाचा उल्लेख कारंजा बेट असाच येतो. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली खाजणे लोकांनी बांध घालून, उघाड्या (पाणी आत-बाहेर सोडणारी दारे) बसवून पिढ्यान्‌पिढ्या राखली. काहींत भात पिकला, काहींत मिठागरे झाली. खाजणातल्या शेतात पावसाळ्यानंतर सापडणाऱ्या जिताड्याच्या गोष्टी आगरी-कोळी घरांतून अजूनही रंगवून सांगितल्या जातात.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी भूसंपादन सुरू झाले. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी जीव गमावला. १९८९ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शेती सुटली तशी बांधांची डागडुजीही सुटली. कुठे खारे पाणी शेतात शिरून राहिले, कुठे रस्ता आणि भराव यांच्या बेचक्यात सापडलेल्या सखल जमिनीत तळे साचले. म्हणजे पाणजे, भेंडखळ, बेलपाडा या परिसरातल्या ज्या पाणथळींना आज आपण ‘नैसर्गिक वारसा’ म्हणतो, त्यांच्या घडणीत शेतकऱ्याच्या बांधाचा आणि नंतरच्या दुर्लक्षाचा वाटा मोठा आहे. पक्ष्यांचे त्यावाचून काही अडत नाही. त्यांना वीतभर पाणी आणि चहूकडची मोकळी नजर लागते.

तिथीची पाऊणपट

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे कालची भरती आज पाऊण तासाहून थोड्या अधिक उशिराने येते. छापील वेळापत्रके आणि मोबाइलमधली अ‍ॅप आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब तोंडपाठ असलेला बरा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नऊच्या. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पाव-अर्ध्या तासाची चूक धरून चालावी.

वेळेइतकीच पाण्याची उंची महत्त्वाची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबई बंदरात तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि चिखल पूर्ण बुडतो. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. पाणी धड वर चढत नाही, धड खाली उतरत नाही, आणि पक्ष्यांना चिखल सोडावाच लागत नाही. तळ्यावर तेव्हा शुकशुकाट असतो. भांगाच्या दिवशी मी कोणालाही उरणच्या तळ्यांवर पाठवत नाही.

आता दोन्ही गोष्टी जुळवा. त्रयोदशीची भरती पावणेदहाच्या सुमारास, चतुर्दशीची साडेदहाच्या. पाणीही उधाणाकडे निघालेले असते. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. आठपूर्वी बांधावर पोहोचलात की पुढचे दोन तास पक्षी थव्याथव्याने चिखलावरून तळ्यात उतरताना दिसतात, आणि ऊनही अजून कोवळे असते. पौर्णिमेला आणि प्रतिपदेला पाणी भरपूर असते, पण भरती ऐन दुपारी येते. तोवर तापलेल्या हवेत दुर्बिणीतले चित्र थरथरू लागते आणि पायांचा रंगही धड कळत नाही.

चिखलात एवढे आहे तरी काय

खाडीचा चिखल वरून नापीक दिसतो. त्याच्या वरच्या थरात किडे, शिंपल्यांची पिल्ले, बारीक खेकडे, कोळंबीची जात आणि शेवाळाची साय असते, निवट्या तर उघड्या डोळ्यांना उड्या मारताना दिसतात. एकाच चिखलावर दहा-बारा जातींचे पक्षी भांडण न करता जेवतात, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीपर्यंत जाते. चिखल्याची चोच आखूड, डोळे मोठे: तो धावतो, थबकतो, वरवरचे टिपतो आणि पुन्हा धावतो. टिलवा मधल्या थरात शोधतो. कर्ल्यूची लांब बाकदार चोच खेकड्याच्या बिळात खोलवर जाते.

एखादा पाणटिवळा जवळ आला तर बाकी सगळे सोडून त्याच्याकडे पाच मिनिटे बघावे. पक्षीनिरीक्षक त्याला गॉडविटच म्हणतात. पोटापर्यंत पाण्यात उभा, चोच मुळाशी गुलाबी आणि टोकाशी काळी. तो ती चिखलात खुपसतो तेव्हा कधी कधी डोळ्यांपर्यंत डोके बुडते. खाली काहीच दिसत नसते. चोचीच्या टोकाला स्पर्श आणि दाब ओळखणारी सूक्ष्म संवेदके असतात, त्यावरून हलणारे भक्ष्य त्याला समजते. शिवाय सगळी चोच न उघडता फक्त वरचे टोक वाकवून उघडता येते, त्यामुळे चिखलात रुतलेल्या चोचीतही तो अळी चिमट्यासारखी पकडतो. मग डोके वर येते, चोच दोनदा हलते, गिळणे झाले की पुन्हा खाली.

बांधावरून कोण कोण दिसेल

पहिल्या खेपेला सगळे ‘तपकिरी, लांब पायांचे’ दिसते आणि पुस्तकातली पाने उलटण्यातच वेळ जातो. त्यापेक्षा आधी ठळक मंडळी ओळखून घ्यावीत. काळे-पांढरे अंग आणि न शोभणारे लांबलचक गुलाबी पाय म्हणजे शेकाट्या. तो बारमाही आहे, पण हिवाळ्यात त्याची संख्या फुगते. चोच टोकाला वर वळलेली असेल तर अ‍ॅव्होसेट. चित्रबलाक, पांढरा शराटी आणि चमचा यांना ओळखायला दुर्बीणही लागत नाही. खोल पाण्यात थापट्या आणि तलवार बदके. थापट्यांची टोळी कधी कधी गोल गोल फिरत पोहते. त्याने पाणी ढवळले जाते आणि खाद्य वर येते.

मग आकारमानाने खाली उतरावे. मध्यम चणीच्यांमध्ये उडताना पंखाकडे पाहणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. पंखाची मागची कड रुंद पांढरी आणि पाय लाल म्हणजे टिलवा. पंखावर पांढरा पट्टा आणि शेपटी काळी म्हणजे काळ्या शेपटीचा पाणटिवळा. पंख साधे आणि पाठीवर वर घुसलेली पांढरी पाचर दिसली तर ग्रीनशँक किंवा त्याचा सडपातळ भाऊबंद मार्श सँडपायपर. दुसऱ्याची चोच सुईइतकी बारीक असते. रफचे नर-मादी हिवाळ्यात एकाच रंगाचे दिसतात, पण नर इतका मोठा की नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो.

सगळ्यांत खालच्या पायरीवर स्टिंट आणि छोटे चिखल्या. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा लिटल स्टिंट आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मतो, तिथे जेमतेम दोन-तीन महिने राहतो, आणि प्रवास वजा जाता वर्षाचा मोठा भाग आपल्यासारख्या उष्ण चिखलात काढतो. लेसर सँड प्लोव्हर नावाने ज्या पक्ष्याला आपण वर्षानुवर्षे ओळखत होतो, त्याच्या अलीकडे सायबेरियन आणि तिबेटी अशा दोन जाती मानल्या गेल्या. पश्चिम किनाऱ्यावर येतो तो मुख्यतः तिबेटी, म्हणजे हिमालयापलीकडच्या उंच पठारावर वीण करणारा. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती पेन्सिलने करून ठेवावी.

हे सगळे मध्य आशियाई उड्डाणमार्गावरचे प्रवासी. उत्तरेकडच्या आर्क्टिकपासून मालदीवपर्यंत तीस देशांवरून हा मार्ग जातो. पहिले प्रौढ पक्षी ऑगस्टमध्ये, पावसाची उघडीप बघत येतात. बदके नोव्हेंबरनंतर. एप्रिलमध्ये उकाड्याला कंटाळून निरीक्षक घरी बसतात आणि नेमके तेव्हाच पाणटिवळे विटकरी, सोन चिखल्या पोटाशी काळे आणि पाठीवर सोनेरी ठिपक्यांचे होतात. निघण्याआधी त्यांनी विणीचा पिसारा घातलेला असतो. हिवाळ्यात न ओळखू आलेली निम्मी मंडळी तेव्हा एका नजरेत ओळखू येतात.

थवा उठतो तेव्हा

शांत बसलेला थवा एकदम उडाला तर थव्याकडे न बघता त्याच्या वर आणि मागे बघावे. बहुधा दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, पंख उथळ ‘व्ही’च्या आकारात धरून गवतालगत येत असतो. तो सहसा दुबळा, जखमी पक्षी हेरतो. बहिरी ससाण्याची गोष्ट वेगळी. तो वरून येतो, आणि तेव्हा स्टिंटांचा थवा आवळून एका गोळ्यासारखा वळतो, क्षणात पांढरा, क्षणात करडा. मोठा ठिपकेदार गरुड आणि मासे पकडणारा ऑस्प्रेही या भागात हिवाळ्यात दिसतात.

शिकाऱ्यामुळे उडणे निसर्गाच्या हिशेबातले आहे. माणसामुळे, कुत्र्यांमुळे, ड्रोनमुळे उडणे त्या हिशेबाच्या वरचे असते. भरतीचे तीन-चार तास ही पक्ष्यांची विश्रांतीची वेळ. अन्न पचवायचे, पिसे साफ करायची, एका पायावर डुलकी घ्यायची. फेब्रुवारीपासून त्यांना अंगात चरबी साठवायची असते. स्टिंट निघण्यापूर्वी तीस ग्रॅमच्या वर जातो. दर अर्ध्या तासाने उडावे लागले तर ती साठवण आकाशातच जळते. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून दगड मारणारे, टाळ्या पिटणारे महाभाग आहेत. भारी लेन्समुळे कोणी पक्षीप्रेमी ठरत नाही.

रोहित

उरणला येणाऱ्या दहांपैकी आठ जण रोहित बघायलाच येतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यात. थोरला रोहित उंच, पांढुरका, गुलाबी चोचीचे टोक काळे. धाकटा ठेंगणा, गडद गुलाबी, चोच पूर्ण काळपट लाल. दोघेही चोच उलटी करून पाणी गाळतात. थोरल्याला बारीक कवचधारी जीव आणि कीटक चालतात, धाकटा मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. पिसांचा रंग खाद्यातल्या रंगद्रव्यांतून येतो, म्हणून पिल्ले करड्या रंगाची असतात. भारतात दोघांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत ते ठाण्याच्या खाडीत आणि आसपास असतात. मुंबईत ते मोठ्या संख्येने दिसू लागले १९९०च्या दशकात. सांडपाण्याने वाढलेले शेवाळ हे त्यामागचे एक कारण मानले जाते. कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

विश्रांतीची जागा गेली की चिखलही जातो

ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. ही संरक्षणाची रेघ मुख्यतः खाडीतल्या चिखलाभोवती आणि कांदळवनाभोवती आहे. पण भरतीला पाण्याखाली जाणारी जागा राखून पक्ष्याचे अर्धेच काम होते. भरतीचे तीन-चार तास त्याने कुठे उभे राहायचे? म्हणूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अभयारण्याच्या उपग्रह पाणथळींमध्ये भांडुप आणि नवी मुंबईतल्या जागांबरोबर उरणच्या पाणजे, भेंडखळ आणि बेलपाड्याचा समावेश केला. या जागा नाहीशा झाल्या तर पक्ष्याला भरतीला लांब उडून जावे लागते. अंतर वाढले की त्या चिखलावर जेवायला येणेच त्याला परवडत नाही. कागदावर अभयारण्य शाबूत राहते आणि पक्षी कमी होतात.

उरणला नेमके हेच घडते आहे. भेंडखळ आणि बेलपाड्याच्या परिसरात भराव सरकत आले. सुमारे २८९ हेक्टरच्या पाणजे पाणथळीत भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याच्या तक्रारी गेली काही वर्षे होत आहेत, आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचले. पाणथळ मारायला त्यात माती टाकावीच लागते असे नाही. उघाडी बंद ठेवली की एका उन्हाळ्यात तळे भेगाळते, आणि मग ‘इथे पाणथळ कुठे आहे?’ हा प्रश्न विचारायला सोपा जातो.

एक मुद्दा पर्यावरणप्रेमींना रुचणार नाही, तरी लिहितो. मोकळ्या चिखलात आणि उथळ तळ्यात तिवरांची रोपे लावणे हे पक्ष्यांसाठी चांगले काम नाही. तिवरे हवीत, पण त्यांच्या जागी. स्टिंटाला आणि पाणटिवळ्याला चारही बाजूंनी शिकारी दिसला पाहिजे. झुडपे दाटली की ते ती जागा सोडतात. ठाणे खाडीत कांदळवनाने मोकळा चिखल बराच व्यापला आहे, याकडे वृक्षारोपणाच्या उत्साहात दुर्लक्ष होते.

मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात, मुंबईत उतरत्या विमानावर रोहितांचा थवा आदळून जवळजवळ चाळीस पक्षी मेले. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पक्ष्यांना नेहमीच्या तळ्यांवरून हुसकावले तर ते हवेत जास्त वेळ आणि अनोळखी वाटांनी फिरतात. पाणजेचे पाणी राखणे हा वैमानिकांच्याही हिताचा विषय आहे.

जाणे-येणे आणि वागणे

नेरुळ-बेलापूरहून उरणपर्यंत लोकल जानेवारी २०२४ पासून धावते, आणि त्याच वेळी शिवडी ते चिर्ले हा अटल सेतू खुला झाला. लोकलने आलात तर द्रोणागिरी किंवा उरणला उतरून रिक्षा करावी. तळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. स्वतःची गाडी असेल तर ती कंटेनरच्या ट्रेलरांच्या रस्त्यावर कडेला उभी करून दुर्बीण लावू नये. हा इथला खरा धोका आहे, विंचू-साप त्यामानाने परवडले.

भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला येणारी लाँच हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग. तपकिरी डोक्याचे कुरव लाँचमागे येतात, सुरय पाण्यात सूर मारतात. फक्त उधाणाच्या ओहोटीला मोऱ्याच्या गाळात लाँच लागत नाही, तेव्हा इथेही तिथीचा हिशेब आलाच. कुरवांना शेव-गाठी टाकायची हौस मात्र आवरा. तिबेट-लडाखच्या सरोवरांवरून आलेल्या मासेखाऊ पक्ष्याला तळलेले बेसन खाऊ घालण्यात पुण्य नाही. हाताशी तासभर असेल तर पीरवाडीच्या किनाऱ्यावर जावे. खडकांवर समुद्र बगळा हमखास दिसतो.

सामान थोडे पुरते: ८ × ४२ची दुर्बीण, टोपी, पाणी, वही. बांधावर सावली नाही. स्पॉटिंग स्कोप असेल तर उत्तम, पण गटात एक पुरे. सकाळी सूर्य पाठीशी येईल असे उभे राहावे, म्हणजे तळ्याच्या पूर्वेच्या बाजूला. बांधावरून खाली उतरू नये. चिखल वरून कोरडा दिसला तरी गुडघ्यापर्यंत पाय जातो, आणि तुम्ही रुतलेले असताना पाणी वाढत असते. जाळे लावणाऱ्या माणसाला आधी नमस्कार करून ‘पाणी कधी चढलं?’ विचारावे. बांध त्याचा रोजचा रस्ता आहे. तुम्ही रविवारचे.

नोंद

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिल्या दिवशी मारुती चितमपल्लींची जयंती आणि शेवटच्या दिवशी सालिम अलींची. उरणसाठी त्याहून उपयोगाचा महिना जानेवारी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिला हौशी माणसे लागतातच. मोजणी भरतीच्या माथ्यावर करावी, सगळे एका जागी असतात तेव्हा. मोठ्या थव्यात आधी शंभर पक्षी मोजून तेवढी जागा नजरेत धरायची आणि थव्यावर ती किती वेळा बसते ते पाहायचे. ईबर्डवर यादी टाकताना पाणी चढते होते की उतरते, हेही शेऱ्यात लिहावे. त्याशिवाय दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना होत नाही.

पायांकडे नेहमी बघा. संशोधक काही पक्ष्यांच्या पायांत धातूची कडी आणि रंगीत पट्टी घालतात, पट्टीवर अक्षरे-आकडे असतात. पट्टी कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणते, अक्षरे कोणती, हे टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. अक्षर अर्धवट दिसले असेल तर तसेच लिहावे, अंदाजाने पुरे करू नये.